पार्सनिपला मोड आले ती थंडी

दसऱ्याचं तोरण दारावर सुकून कुरकुरीत झालं की बंगळुरात एक सकाळ अशी येते, की मागच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीचं झाकण पायाला गार लागतं. परतीचा पाऊस रात्री थोडंसं शिंपडून गेलेला असतो. यशवंतपूर स्टेशनवरची घोषणा एरवी रिक्षांच्या आवाजात विरून जाते. त्या सकाळी तिचा शब्द न् शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. कुणी स्वेटरला ऊन दाखवतं, कुणी बाजारात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा कधी येणार म्हणून विचारून येतं. मी फ्रिजच्या दारातून बियांचं एक पाकीट काढते.

या वर्षीही ती सकाळ आली. पाकीट फाडलं आणि उजव्या तळहातावर थोड्या बिया ओतून घेतल्या.

पार्सनिपच्या बिया. चपट्या, पिवळट, कडेला पापडाच्या पापुद्र्यासारखी पातळ झालर. जवळ बोललं तरी उडतील अशा. पार्सनिप म्हणजे गाजराचा गोरा, रुंद खांद्यांचा चुलतभाऊ. जिरं, ओवा, बडीशेप, कोथिंबीर हे सगळे त्याचे भाऊबंद. बी नाकाशी नेलं की घराणं लगेच ओळखू येतं. आमच्या गल्लीत मी सोडून ते कुणी लावत नाही. लावायला तसं काही कारणही नाही. बाजारात दहा तऱ्हेच्या भाज्या मिळतात, आणि हे कंद जमिनीत चिवट पाहुण्यासारखे महिनोन् महिने मुक्काम करतात.

तरी मी लावते. आणि लावायच्या आधी त्या उजव्या हातावर थोडा वेळ धरून बघते. हात सरळ राहतो का, बोटं उघडी राहतात का. एका वर्षी राहत नव्हती.

मी आयुष्यभर टायपिंग शिकवलं. यशवंतपूरच्या बाजारामागच्या गल्लीत, एका कापडदुकानाच्या माडीवर आमची इन्स्टिट्यूट होती. खाली कांद्याच्या गोण्यांचा वास आणि वर पंधरा-वीस मशिनांची टकटक. जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या ऑफिसात नोकरी लागावी म्हणून मुली यायच्या, दोन वेण्या घालून, डब्यासकट. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगायची: बोटांकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं. आणि अनामिकेवर लक्ष ठेवा. पाचांत तीच आळशी. संगणक आले, मुली कमी झाल्या, माडीला कुलूप लागलं. पण माझी बोटं काही निवृत्त झाली नाहीत. बसमध्ये बसले की समोरचा माणूस बोलेल ते मांडीवर टाइप करायची.

मग त्या वर्षी आषाढात एका सकाळी कॉफीसाठी दूध तापवत होते. पातेलं पडलं. पडलं ते मला आवाजावरून कळलं. हाताने काहीच कळवलं नव्हतं.

मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. वाचा काही दिवसांत परत आली, पाय ओढत ओढत का होईना, आला. उजवा हात मात्र मांडीवर मूठ वळून पडून राहिला. कुणा दुसऱ्याचा हात माझ्यापाशी सांभाळायला ठेवलाय असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, "जे यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं. नंतर गती मंदावते." हे वाक्य मी कुणाला न सांगता मनात ठेवून घेतलं. आषाढ, श्रावण, भाद्रपद. महिने जाताना दिसत होते.

माझी लेक मेघना इंग्लंडात असते. ती धावत आली, दीड-दोन महिने राहिली, रजा संपली तशी रडत परत गेली. आणि घरात उरलो मी आणि गणोजीराव, माझे यजमान.

यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. हे पीण्यातल्या एका लहानशा कारखान्यात लेथवर होते. सूतभर इकडचं तिकडे झालेलं यांना खपत नसे. निवृत्तीनंतरही मागच्या पडवीत लोखंड आवळून धरायचा शेगडा, कानस आणि पितळेचे तुकडे घेऊन बसायचे. अडचण दिसली की त्यावर काहीतरी घडवून आणायचं, हा यांचा स्वभाव. मी आजारी पडले आणि यांना जन्मभराचं काम मिळालं. माझ्या चमच्याला जाड लाकडी मूठ बसली. न्हाणीघरात तीन ठिकाणी दांडे बसले. पण खरं सांगायचं तर तो चमचाही हेच धरायचे. मी घास उचलायला हात हलवला, की हात पोचायच्या आत घास तोंडाशी. वेणी हे घालायचे, चप्पल हे घालायचे, रिमोटचं बटणसुद्धा हे दाबायचे.

"कशाला तुला त्रास, सरू? मी आहे की."

इतक्या मायेनं म्हणायचे, की उत्तर द्यायची लाज वाटायची.

अर्पिता नावाची फिजिओ आठवड्यातून काही दिवस घरी यायची. तिशीही न ओलांडलेली, उडुपीकडची मुलगी. ती मला एका वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत टाकायला लावायची. राजमा झाला की छोले, छोले जमले की शेंगदाणे. बोटांनी राजमा पकडायला मी शिकले. पण पकडला की सुटेना. मूठ आवळून बसायची, मीच मनातल्या मनात तिला विनवत बसायची.

"आंटी, पकडणं लवकर येतं," ती म्हणाली. "सोडणं उशिरा. मनगट स्वल्प खाली वाकवा. बोटं आपोआप सैल पडतात. ओढू नका. श्वास सोडा."

मनगट वाकवलं की बोटं खरंच थोडी उमलत. राजमा टप्पकन वाटीत. मग तोच राजमा परत पहिल्या वाटीत. त्या राजम्याला कुणी शिजवणार नव्हतं, कुणी खाणार नव्हतं. रोज तेच दाणे इकडून तिकडे. इन्स्टिट्यूटमध्ये मुली कंटाळून म्हणायच्या, "मॅडम, नुसतं ए एस डी एफ किती दिवस? शब्द कधी?" मी त्यांना दटावायची. आता मला शब्द हवा होता.

तो शब्द मला मेघनाच्या मागे राहिलेल्या सामानात सापडला. ती पार्सनिपचं एक पाकीट विसरून गेली होती. तिच्या तिथल्या घरामागे वाफा आहे. बंगळुराच्या थंडीत येतात का बघू म्हणून आणलं आणि माझ्या आजारपणात राहून गेलं. फोनवर तिला पाकीट दाखवलं तर ती घाईघाईने म्हणाली, "आई, ते नको गं. फार हट्टी असतं. मोड यायला तीन-तीन आठवडे घेतं, कधी येतच नाही. रोप करून उचलून लावलं तर मुळाला फाटे फुटतात. इथले मुरलेले लोकसुद्धा वैतागतात. तू मेथी लाव."

"मेथी कुणालाही येते," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मला स्वतःचंच हसू आलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा माझा आवाज मला माझा वाटला होता.

बियांना घरातच मोड आणायचे, आणि पांढरी शेपटी दिसली की एकेक बी उचलून जमिनीत, जिथे वाढायचं तिथेच, ठेवायचं, असं मी ठरवलं. उजव्या हाताने. डावा हात मांडीखाली.

मोड आणणं हे काय मला नवीन होतं? लग्न झाल्यापासून मटकीला, मुगाला, हुलग्याला मोड आणत आले. रात्री भिजवायचं, सकाळी फडक्यात बांधायचं, गॅसजवळ उबेला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी फुगून वर येते. तसंच केलं. पार्सनिपची पुरचुंडी दिवसामागून दिवस गेले तरी हूं की चूं नाही. मग एका सकाळी शेजारची जयम्मा साखर मागायला आली आणि दारातच नाक धरून उभी राहिली.

"अय्यो अक्का, काय मेलंय घरात?"

फडकं उघडलं तर आत बुरशी. सगळ्या बिया करड्या, बुळबुळीत. हे पाठीमागून म्हणाले, "जाऊ दे गं. मेघना म्हणालीच होती." त्यांचा हात पुरचुंडीकडे आला, फेकून द्यायला. मी ती डाव्या हाताने छातीशी धरली आणि मीच कचऱ्यात टाकून आले. पाय ओढत, पण मीच.

चूक माझ्या लक्षात आली होती. हे गारठ्याच्या मुलखातलं बी; त्याला मी शेगडीजवळ शेक देत बसले होते. मटकीला ऊब लागते, याला गारवा. मटकी एका रात्रीत हो म्हणते. हे विचार करून सांगतो म्हणणारं. दुसऱ्या खेपेला मलमलीचा तुकडा भिजवून घट्ट पिळला, त्यावर बिया एकमेकींना न चिकटतील अशा पसरल्या, घडी करून स्टीलच्या पसरट डब्यात ठेवल्या आणि डबा माठाच्या शेजारी, भिंतीच्या थंड कोपऱ्यात. रोज एकदा झाकण काढायचं, वारा दाखवायचा, फडकं सुकत असेल तर चार थेंब पाणी. झाकण काढायचं ते उजव्या हाताने. पहिल्या दिवशी त्या झाकणाने मला घाम फोडला. पण राजमा आणि हे झाकण यात फरक होता. झाकणाखाली काहीतरी होतं.

यांना मी वाफा करायला दिला. टाकी आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये एक पट्टा आहे, तिथे जुने भंगार पाईप पडले होते. यांनी ते हलवले, पहार घेऊन लाल माती हातभर खोल उकरली, खडा न् खडा वेचला, वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं. माती चाळणीने चाळली. कंदाला वाटेत खडा लागला की तो फाटे फोडतो, हे मी सांगितलं तेव्हा यांचे डोळे चमकले. सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूंबद्दल यांना आदर आहे. मग लाकडी फळीवर सारख्या अंतराने खुंट्या बसवून आणल्या. फळी मातीवर दाबली की सगळी भोकं एका खोलीची. ती मी कौतुकाने घेतली. त्यासोबत यांनी एक चिमटा आणला, पितळेचा, केसासारख्या टोकांचा, डाव्या हाताने चालवायचा.

"याने उचललंस तर एक शेपटी मोडणार नाही," म्हणाले.

सुंदर होता चिमटा. मी तो यांच्या हातात परत ठेवला. "मला हे बोटांनी करायचंय."

"का पण?"

मी डब्याचं झाकण लावलं, उजव्या हाताने.

दिवाळीचे दिवे विझले, फराळ संपला, आणि एका सकाळी मलमलीवर पांढरा ठिपका दिसला. चष्मा पुसून बघितलं. बीच्या टोकातून सुईच्या अग्राएवढं काहीतरी बाहेर डोकावत होतं. दुसऱ्या दिवशी चार-पाच, मग बऱ्याच. मी डबा हातात घेऊन जयम्माच्या दाराशी गेले. ती पोळ्या लाटत होती, पिठाच्या हाताने डब्यात डोकावली आणि म्हणाली, "एवढंसं? एवढ्यासाठी एवढं?" तरी तिने पोळी तव्यावर करपू दिली आणि बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अर्पिता यायची होती. तिच्यासमोर पेरायचं असं मनाशी ठरवलं. दुपारी गोळीने डोळा लागला. उठले ते थेट माठाकडे गेले. डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला.

"अहो, डब्यातलं फडकं कुठं आहे?"

"वाळत घातलंय." हे पडवीत हात पुसत होते. बोटांना लाल माती. "पेरून टाकल्या बघ. शेपट्या वाढायला लागल्या होत्या गं, उद्यापर्यंत गुंतल्या असत्या. एकेक करून लावल्या. एकसुद्धा मोडली नाही!"

चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू होतं. मागे वाफ्यात भोकं बुजलेली, पाण्याने काळसर झालेली, दोरी लावल्यासारखी सरळ ओळ.

मी वाफ्याच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"मोडल्या असत्या तर माझ्या हातून मोडल्या असत्या."

"पण मोडू का द्यायच्या? मी आहे की."

"तुम्ही आहात," मी म्हटलं, "म्हणूनच हा हात येत नाहीये."

यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं आणि त्याच्या मागचा माणूस निघून गेला. हे आत गेले. संध्याकाळी दिवाबत्ती मी केली, डाव्या हाताने, काड्या वाया घालवत. हे खुर्चीत बसून होते. काडीपेटीकडे यांचा हात आला नाही. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"पातेलं पडलं तेव्हा मी दाढी करत होतो. आलो तर तू खाली. मला हाक मारायला बघत होतीस आणि तोंडातून भलतंच काहीतरी येत होतं. मी नुसता उभा राहिलो, सरू. हातात वस्तरा, आणि काय करायचं ते कळेना. रिक्षासुद्धा जयम्माने बोलावली. तेव्हापासून हात रिकामे राहिले की मला तेच दिसतं."

चाळीस-एक वर्षांच्या संसारात हे इतकं लांब एका दमात बोलल्याचं मला आठवत नाही. मी यांच्या शेजारी जाऊन बसले. राग गेला नव्हता. पण त्याला आता जागा करून बसावं लागत होतं.

"पाकिटात अजून बिया आहेत," मी म्हटलं.

"उशीर नाही होणार?"

"होईल. तरी भिजवते."

"सरी," हे म्हणाले, कानडीतलं बरं. एवढंच.

तिसऱ्या खेपेला थंडी माझ्या बाजूने होती. सकाळी दाट धुकं असायचं, माठाचं पाणी दाताला कळ आणायचं. अर्पिता आली की मी राजमा बाजूला सारायची आणि पाण्यात भिजवलेली राजगिऱ्याच्या दाण्याएवढी कणकेची कणी मागायची. ती पकडायची, मनगट वाकवायचं, सोडायची. कणी बोटाला चिकटून राहायची. पुन्हा. अर्पिता घड्याळ बघून उठायची, मी उठायची नाही. रात्रीच्या चपात्यांची कणीक माझ्या नखांत असायची. डॉक्टरांचे ते पहिले काही महिने आता सरत आले होते, आणि मला ते माझ्या हाताआधी सरू द्यायचे नव्हते.

मोड आले. थोडेच आले, बी जुनं होत चाललं होतं. त्या सकाळी मी यांना सांगितलं, "तुम्ही बाजारात जाऊन या. सावकाश या." हे पिशवी घेऊन गेले. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला, मग चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, मग नाही.

मी वाफ्याशी पाट टाकून बसले. यांची ओळ डोळ्यासमोर होती आणि तिच्यात दोन-तीन ठिकाणी गवताच्या पात्यासारखी अरुंद पानं वर आली होती. रागाने तिकडे बघायचं ठरवलं होतं, पण ती फार कोवळी होती. त्या ओळीच्या शेजारी फळी दाबून माझी भोकं केली. डबा डाव्या मांडीवर. डावा हात मांडीखाली.

पहिलं बी चिरडलं. दुसऱ्याची शेपटी तुटून नखाला चिकटली. तिसरं उचललं, भोकावर नेलं आणि हात तिथेच गोठला. खांद्यापासून बोटांपर्यंत एक लाकूड. तेवढ्यात भिंतीवरून जयम्माचं डोकं वर आलं. ती तिच्या लेकीच्या सासूबद्दल सांगायला लागली. बारशाला साडी कसली आणली, वर काय टोमणा मारला, जावयाने तोंडसुद्धा कसं उघडलं नाही. माझ्या हाताकडे तिचं लक्ष नव्हतं. "मी करू का" म्हणायला तिला सवडच नव्हती. त्या सकाळी तिने माझी केवढी मोठी मदत केली हे तिला आजही माहीत नाही.

"... आणि म्हणते कशी, आमच्याकडे असली काठाची साडी कामवालीला देतात!"

"अय्यो," मी म्हटलं आणि त्या "अय्यो"बरोबर श्वास सुटला, मनगट खाली गेलं आणि बोटं उघडली. बी भोकात पडलं. शेपटी खाली, टोपी वर. जसं पडायला हवं तसं.

मी त्याच्याकडे बघत राहिले. पकडून ठेवणं म्हणजे ताकद, असं मी समजत आले होते. त्या एवढ्याशा बीला मातीत सोडायला जेवढी ताकद लागली तेवढी मी जन्मात कशाला लावली नव्हती.

"मग तू काय म्हणालीस?" मी जयम्माला विचारलं आणि पुढचं बी उचललं.

ऊन टाकीवर आलं, माझ्या पाठीवर आलं. काही चिरडली, काही हरवली, काही बसली. हे परत आले तेव्हा मी मातीची शेवटची चिमूट घालत होते. हो, चिमूट, उजव्या हाताची. हे पिशवी खाली ठेवून पडवीत थांबले. पाटावरून उठायला मला हात लागणार होता.

"या आता," मी म्हटलं. तेव्हा आले.

पुढची थंडी हळूहळू गेली. यांची ओळ सैनिकांसारखी भरली. माझ्या ओळीत मधूनमधून एकेक रोप, तोंडातल्या उरल्यासुरल्या दातांसारखं. मला ते लागलं का? लागलं. रोज सकाळी कॉफी घेऊन वाफ्याशी गेले की लागायचं. पण पाणी घालताना मी दोन्ही ओळींना सारखं घातलं. पौषात बाजारभर अवरेकाईचा तो तेलकट-सुगंधी वास सुटला, जयम्माबरोबर शेंगा सोलायला बसले आणि शेंग हाताने फोडता फोडता तिसऱ्या-चौथ्या शेंगेला लक्षात आलं की फोडतेय ती उजव्या हाताने. कुणाला सांगितलं नाही. सोलत राहिले.

उन्हाची धग वाढायच्या आत कंद काढले. यांचे चांगले वीतभर, निमुळते. माझे बोटभर ते वीतभर, दोघांना पाय फुटलेले, एकाला तर तीन. मेघना म्हणाली, तिथे दंव पडलं की याला गोडी येते. इथे दंव कुठलं, तेव्हा काही दिवस फ्रिजमध्ये ठेव. ठेवले. मग काचऱ्या करून तव्यावर तुपात परतल्या, वर जिरं आणि मिरपूड. कडा लालसर झाल्या आणि घरात गाजराचा हलवा आणि ओव्याचा काढा एकाच वेळी करतोय असा वास सुटला. हे चावून चावून म्हणाले, "रताळ्याने शिक्षण घेतल्यासारखं लागतं." जयम्माला मात्र आवडलं नाही आणि तिने ते तोंडावर सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्या कंदांनी केली. काढायच्या दिवशी यांनी भर दुपारी, बाह्या वर सरकवून पानं कापली होती. दुसऱ्या दिवशी हात तांबडे, तिसऱ्या दिवशी मनगटांपासून बोटांपर्यंत फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारून विचारून पार्सनिपपर्यंत गाठलं: पानांचा चीक अंगाला लागला आणि त्यावर ऊन पडलं की असं भाजतं. दोन्ही हातांना मलमपट्टी.

मग मी यांना भरवलं. आमटीभात, उजव्या हाताने, चमच्याने. निम्मा लुंगीवर सांडला. दोन दिवस हे लहान मुलासारखे तोंड उघडत राहिले. नंतर एका दुपारी पट्टीतली बोटं पुढे करून म्हणाले, "दे इकडे. मी बघतो."

आणि मला चमचा देववेना. फोड दुखतील, सांडेल, उशीर लागेल, मी आहे की, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. चमचा मी धरून राहिले. तो जो आनंद असतो, दुसऱ्याला आपण लागतो याचा, तो इतका गोड असेल याची मला कल्पना नव्हती. यांना तो किती महिने मिळत होता, आणि मी एका वाक्यात तो काढून घेतला होता. माझं वाक्य खरंच होतं. आजही मी ते मागे घेणार नाही. पण त्याची किंमत मला त्या चमच्यापाशी कळली.

मनगट वाकवलं. चमचा दिला.

हात पुष्कळ आला. सगळा नाही. सही येते, भाकरी थापता येते, वेणी घालता येते. अनामिका आळशीच आहे. आता तिला दटावत नाही. डॉक्टरांच्या त्या काही महिन्यांनंतरही हात थोडा थोडा येतच राहिला, हे मी त्यांना मुद्दाम जाऊन सांगून आले. ते हसले आणि म्हणाले, "असं होतं कधीकधी." मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. तिथे येणाऱ्या पुढच्या बाईला ते काय सांगतात कोण जाणे.

तर या वर्षी पुन्हा बिया भिजवल्या. दरवर्षी ताज्या लागतात, मेघना पाठवते. माठाशेजारच्या डब्यात शेपट्या आल्या आणि परवा सकाळी आम्ही पेरायला बसलो. हे पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आले, उन्हाचा पत्ता नसतानाही.

"मी येऊ?" दारातून विचारलं.

"या ना. तुमची ओळ भिंतीकडची."

दोघं दोन पाटांवर, मध्ये डबा. यांची ओळ अर्थातच आधी संपली. माझी अर्धी झाली होती. एक बी उचललं, लांब शेपटीचं, चांगलं धष्टपुष्ट; भोकावर नेता नेता अनामिका आडवी आली आणि ते निसटलं. वाळू मिसळलेली माती, त्यात भिजून तपकिरी झालेलं बी. मी वाकून शोधायला लागले. इकडे नाही, पाटाखाली नाही. वर पाहिलं तर हे एका जागी टक लावून बघत होते, माझ्या डाव्या पायापाशी. मी बघतेय हे कळताच नजर उचलून भिंतीवरच्या खारीकडे नेली. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.

खार गेली तरी हे भिंतीकडेच बघत राहिले.

मी माती बोटांनी हळूहळू चाळत गेले, माझ्या वेळाने, आणि मला ते सापडलं.